मत देण्याआधी प्रभाग तपासा: कोकणातल्या शहरी मतदारासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

उमेदवार प्रचाराच्या शेवटच्या चार दिवसांत दारात येतो. आपण म्हणतो, "पाण्याचं जरा बघा." तो हात जोडून म्हणतो, "बघतो ना काकी, तुम्ही काळजीच सोडा." दोघांचेही समाधान होते आणि पुढची पाच वर्षे मार्च उजाडला की टँकरची वाट बघणे चालू राहते. उमेदवार खोटे बोलला असेही नाही. प्रश्नच असा होता की त्याला दुसरे उत्तर नव्हते.

हा लेख नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या मतदारांसाठी आहे: अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि अशीच इतर शहरे. कोणाला मत द्यावे हे यात नाही. मत ठरवण्याआधी स्वतःच्या प्रभागाची माहिती कशी गोळा करायची, ती कोणत्या क्रमाने आणि लोक नेमके कुठे चुकतात, तेवढेच आहे.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण कागद हातात यायला महिना लागतो. मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी सुरुवात करा. तारीख जाहीर झाल्यावर जागे झालात, तर टप्पा ३ मधला माहिती अधिकाराचा अर्ज वेळेत उपयोगी पडणार नाही. मग प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन नोंदी बघण्यावर भर द्यावा लागेल.

## टप्पा १: प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे, ते आधी वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. एक कोरा कागद घ्या, तुमच्या आळीच्या, वाडीच्या, मोहल्ल्याच्या तक्रारी जशा आठवतील तशा लिहा. मग प्रत्येकीपुढे मालक लिहा.

नगरपरिषदेचे काम म्हणजे नळाचे पाणी, गटारे, कचरा, रस्त्यावरचे दिवे, शहरातले अंतर्गत रस्ते आणि पाखाड्या, भाजी व मच्छी मार्केट, स्मशानभूमी, बांधकाम परवानगी, अग्निशमन, उद्याने, जन्म-मृत्यू नोंद, मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण. यातले काही होत नसेल तर नगरसेवकाला आणि नगराध्यक्षाला थेट जाब विचारा.

घरातली वीज सारखी जाते, हा प्रश्न महावितरणचा. मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे राष्ट्रीय महामार्ग विभागाचे. शहरातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो. कडेचे गटार कोणाचे, यावरून मग दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे. जेटी आणि जलक्रीडेचे परवाने मेरीटाईम बोर्डाचे. नदीचे पात्र, धरण, बंधारा जलसंपदा विभागाचे.

इशारा: "सीआरझेड उठवून देतो" असे नगरपालिकेच्या प्रचारात कोणी म्हणत असेल, तर ते त्याच्या हातात नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना केंद्र सरकारची आहे, आज लागू आहे ती २०१९ ची. नगरपरिषदेचा वाटा परवानगीचा प्रस्ताव तपासून पुढे पाठवण्याचा आणि बेकायदा बांधकाम रोखण्याचा.

दुसऱ्याच्या मालकीचे प्रश्न फेकून देऊ नका, बाजूला ठेवा. त्यासाठी उमेदवाराला वेगळा प्रश्न विचारायचा असतो, तो टप्पा ६ मध्ये.

## टप्पा २: यादीत नाव आणि प्रभागाची हद्द

राज्य निवडणूक आयोग नगरपरिषदेसाठी नव्याने मतदार नोंदवत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर इथेही नसणार. नवीन नावासाठी नमुना ६ त्या तारखेच्या पुरेसा आधी भरावा लागतो.

प्रारूप प्रभाग यादी लागली की दोन गोष्टी बघा. तुमचे नाव बरोबर प्रभागात आहे का? रस्त्याच्या एका बाजूची घरे एका प्रभागात आणि समोरची दुसऱ्यात, हे हद्दीवर नेहमी होते, आणि फोडताना आख्खी आळी चुकून शेजारच्या प्रभागात जाऊ शकते. दुसरे, घरातल्या कोणाचे नाव दोनदा आहे का? हरकतीची मुदत थोड्या दिवसांचीच असते, आणि अंतिम यादी झाल्यावर काहीच करता येत नाही.

कोकणात दुबार नावाचा प्रश्न घरोघरी आहे. मुलगा मुंबईला, नाव तिकडेही आणि इकडेही. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. जिथे राहतो तिथले ठेवून दुसरे कमी करून घ्यावे.

तपासा: नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारण दोन सदस्य निवडले जातात, क्वचित तीन, शिवाय नगराध्यक्ष थेट मतदारांतून. म्हणजे बहुतेकांना तीन मते द्यायची असतात. नगरपंचायतीत प्रभागातून एक सदस्य आणि नगराध्यक्ष, अशी दोन. तुमची किती मते आहेत हे आताच पक्के करा, कारण तितक्या लढतींची माहिती काढायची आहे.

## टप्पा ३: नगरपरिषदेचे कागद मागवा

माहिती अधिकाराचा अर्ज सर्वांत आधी टाका आणि उत्तर येईपर्यंत टप्पा ४ मधली मोजणी करा. अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींचे पानामागे २ रुपये. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज बहुधा इथे फसतो: लोक "आमच्या रस्त्याचे काम का झाले नाही?" असे लिहितात. "का" ला उत्तर देणे बंधनकारक नाही. नोंदीत जे आहे तेच मिळते. म्हणून असे लिहा:

"प्रभाग क्रमांक अमुक मध्ये गेल्या तीन आर्थिक वर्षांत झालेल्या रस्ते, गटार व पाखाडी कामांची यादी मिळावी. त्यात कामाचे नाव, निधीचा प्रकार, अंदाजपत्रकीय रक्कम, कार्यादेशाचा दिनांक, काम पूर्ण झाल्याचा दिनांक, अंतिम देयकाची रक्कम आणि दोष दायित्व कालावधी नमूद असावा."

यातल्या प्रत्येक शब्दाला काम आहे. सरकारी काम एका ठरावीक वाटेने जाते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. निवडणुकीआधी नारळ फुटतात तेव्हा फक्त एकच विचारायचे, कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश, कोणत्या तारखेचा? कार्यादेश नसेल तर ते काम अजून कागदावरही धड उभे नाही. आचारसंहिता लागली की नवीन कार्यादेश देता येत नाही, आणि नारळ फोडलेली जागा गवतात जाते.

दोष दायित्व कालावधी म्हणजे काम खराब निघाले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. पहिल्याच पावसात पाखाडीचे चिरे सुटले आणि मुदत शिल्लक आहे, तर नगरपरिषदेने पुन्हा पैसे घालायचे कारण नाही. माजी नगरसेवक पुन्हा उभा असेल, तर ही मुदत असताना त्याने लेखी तक्रार केली होती का, हा त्याच्यासाठी उत्तम प्रश्न.

यादीत एकाच रस्त्याचे तीन-चार छोटे तुकडे वेगवेगळ्या कामांच्या नावाने दिसले, प्रत्येकाची रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या थोडी खाली, तर तिथे खूण करून ठेवा; ई-निविदा टाळायला काम फोडलेले असू शकते. मोठ्या निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात.

### अर्थसंकल्प कसा वाचावा

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प जाड असतो, पण मतदाराला त्यातली दोनच पाने लागतात. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमा-खर्चाच्या बाबीपुढे, साधारण तीन आकडे असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचे सुधारित, पुढच्या वर्षाचे अंदाज. वर्तमानपत्रात येतो तो अंदाज. तुम्ही प्रत्यक्ष बघा.

जमेच्या पानावर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे आणि विकास शुल्क यांची बेरीज करा. हे शहराचे स्वतःचे उत्पन्न. बाकी बहुतेक पैसा अनुदानाचा असतो: वित्त आयोग, जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना. हे पैसे ज्या कामासाठी आले त्याच कामाला वापरता येतात, आणि अनेक योजनांत नगरपरिषदेला आपला हिस्सा घालावा लागतो. "घरपट्टी निम्मी करतो" आणि "नवी पाणी योजना आणतो" ही दोन्ही वचने एकाच पत्रकावर छापलेली असतील, तर स्वहिस्सा कुठून भरणार ते विचारलेच पाहिजे.

खर्चाच्या पानावर पाणीपुरवठ्याचा खर्च आणि जमेतली पाणीपट्टीची वसुली शेजारी शेजारी लिहा. खर्चाच्या निम्मीही वसुली नसेल, तर पंप बिघडल्यावर दुरुस्तीला पैसे का नसतात हे त्या दोन आकड्यांत दिसते.

तपासा: २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली आणि त्यानंतर २०२५ च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासक होते. त्या काळातल्या कामाचे श्रेय किंवा दोष माजी नगरसेवकाच्या खात्यावर लिहिताना कार्यादेशाची तारीख बघा.

## टप्पा ४: आठ दिवसांची घरची मोजणी

कागद येईपर्यंत वही, पेन, घड्याळ आणि बादली एवढेच लागते.

पाणी. १५ लिटरची बादली नळाखाली लावा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा. तीन मिनिटे लागली तर मिनिटाला ५ लिटर. पाणी ४५ मिनिटे आले तर २२५ लिटर. घरात पाच माणसे असतील तर माणशी ४५ लिटर. दिवसाआड पाणी येत असेल तर याचे निम्मे करा, हे लोक विसरतात. नळपाणी आहे पण भुयारी गटार नाही अशा शहरांसाठी केंद्राच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेतले प्रमाण दिवसाला माणशी ७० लिटर होते. भुयारी गटार असेल तर १३५. कोकणातली बहुतेक शहरे पहिल्या प्रकारात मोडतात.

एकाच घरात मोजून थांबू नका. वाहिनीच्या सुरुवातीचे घर, मधले आणि शेवटच्या टोकाचे, अशी तीन घरे निवडा. कोकणी शहर चढउताराचे. खालच्या आळीत धो धो आणि वरच्या पाखाडीवर करंगळीएवढी धार, हा फरक सरासरीत लपून जातो. शेजारी थेट वाहिनीला मोटार लावतात का तेही लिहा. पुढच्या घराचे पाणी तिथेच जाते.

कचरा. घंटागाडी कोणत्या दिवशी, किती वाजता आली. गाडीत ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे आहेत का, आणि तुम्ही वेगळा करून दिलेला कचरा तिच्यात एकत्र होतो का.

दिवे. एका रात्री आठनंतर प्रभागात चालत फिरा. बंद खांबांचे क्रमांक लिहून घ्या. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार हरवते.

गटार. फूटपट्टी नाही, चांगली टेप न्या. गटाराची रुंदी-खोली सुरुवातीला मोजा आणि जिथे ते वहाळाला, पऱ्ह्याला किंवा खाडीला मिळते तिथे मोजा. तोंड सुरुवातीपेक्षा मोठे असायला हवे, कारण वाटेत पाणी वाढत जाते. प्रत्यक्षात दोन फुटांचे गटार रस्ता ओलांडताना एका फुटाच्या नळ्यात घातलेले सापडते. पाणी तुंबते ते बरोबर तिथे.

निवडणूक हिवाळ्यात असेल तर गटारे कोरडी असतात. ही अडचण नाही, सोय आहे. तळ दिसतो, गाळ दिसतो आणि गटारातूनच नेलेली पिण्याच्या पाण्याची वाहिनीही दिसते. ती दिसली की फोटो काढा. पाणी ठरावीक वेळ सोडून बंद केले की वाहिनीतला दाब जातो, आणि सांधा सैल असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळाची पहिली धार गढूळ किंवा वासाची येते ती यामुळे. पावसाळ्यातल्या गॅस्ट्रो आणि काविळीचे मूळ अनेकदा इथे असते.

## टप्पा ५: कोकणात कोणत्या प्रश्नांना जास्त वजन द्यावे

सगळे प्रश्न सारखे नाहीत. पेव्हर ब्लॉक डोळ्यांना दिसतात म्हणून प्रचारात पुढे असतात. जीव आणि घर ज्यावर अवलंबून आहे ते जमिनीखाली किंवा नकाशात असते. खालचा क्रम आमच्या मते असा लागतो.

### पूर आणि पावसाचे पाणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली बाजारपेठेत येतात. नदीतला गाळ काढणे आणि धरणाचे पाणी सोडणे जलसंपदाकडे, हे खरे. म्हणून नगरपरिषद मोकळी होत नाही. पूररेषेत बांधकामाला परवानगी न देणे, गटारांची तोंडे उघडी ठेवणे, भोंगा, बोटी, निवाऱ्याच्या जागा, बाजारपेठेला वेळेत सूचना, हे तिचेच काम.

नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेमधली जागा मोकळ्या वापरासाठी राखायची असते. निळ्या-लाल रेषांमध्ये अटींवर बांधकाम होते आणि जोते लाल रेषेच्या वर लागते. उमेदवाराच्या पत्रकातले नवे व्यापारी संकुल, वाहनतळ किंवा नाट्यगृह कुठे येणार ते या नकाशावर पेन्सिलीने टिंब करून बघा. टिंब निळ्या रेषेच्या आत पडले, तर ते वचन पाळले गेले तरी तोटाच.

किनाऱ्यालगतच्या खोलगट भागात दुसरे गणित आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी गटाराच्या तोंडातून उलटे आत येते, आणि त्याच वेळी पाऊस असेल तर शहरातले पाणी बाहेर पडायला वाटच नसते. गटाराच्या तोंडाला झडप आहे का, ती मिटते का, तिच्यात प्लॅस्टिक अडकलेले आहे का, हे भरतीच्या वेळी जाऊन बघा. ओहोटीला बघितलेत तर सगळे ठीकच वाटेल.

इशारा: रस्त्यावर जुना थर न खरवडता नवा थर टाकला की रस्ता दरवेळी वर चढतो आणि तुमचा ओटा खाली राहतो. "रस्ता काँक्रीटचा करून देतो" म्हणणाऱ्याला तयार रस्त्याची पातळी घराच्या जोत्यापेक्षा किती खाली राहील, ते विचारा. गाळाचेही तसेच: नालेसफाईचा गाळ काठावरच टाकला तर पहिल्या सरीत परत आत.

### पाण्याचा स्रोत

तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात एप्रिलमध्ये टंचाई येते, कारण जांभ्याच्या कातळातून पाणी टिकत नाही, वाहून जाते. रत्नागिरीची मदार शीळ धरणावर, मालवणची धामापूर तलावावर, सावंतवाडीची पाळणेकोंडवर. चिपळूणला वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचे अवजल येते, तिथे वीजनिर्मिती थांबली की नदीही उतरते. तुमच्या शहराचा स्रोत कोणता, मे अखेर त्यात किती दिवसांचे पाणी उरते आणि वाटेत किती गळते, हे तीन प्रश्न.

गळती फार महत्त्वाची. हिशेबात न येणारे पाणी २० टक्क्यांच्या आत असावे, असे केंद्राचे मानक आहे. जुन्या वाहिनीतून निम्मे पाणी जमिनीत जात असेल तर नवीन टाकी बांधून फार काही बदलत नाही. टाकी दिसते, तिच्यावर नाव लिहिता येते, म्हणून टाकीचे वचन मिळते.

शुद्धतेसाठी नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. आरोग्य कर्मचारी ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यात रसायन टाकून येणाऱ्या रंगावरून, ते जागेवर बघतात. शेवटच्या टोकाच्या घरी करायला सांगा. किनाऱ्याजवळ विहीर मचूळ लागत असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा.

### मैला

या विषयावर प्रचारात कोणी बोलत नाही. बोलायला हवे, कारण आपल्या शहरांत घरोघरी सेप्टिक टँक आहेत, विहिरीही आहेत, आणि मधला जांभा सच्छिद्र. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे मानक सांगते. दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर हे अंतर राहात नाही. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. न उपसलेल्या टाकीतून मैला सरळ गटारात उतरतो आणि तिथून खाडीत, जिथे कालवे, तिसऱ्या अशी खायची शिंपली गोळा करतात.

नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला एवढेच विचारा: मैला उपसणारी गाडी भरल्यावर नेमकी कुठे रिकामी होते?

### कचरा

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा घेणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. कचरा शेवटी जातो कुठे ते एकदा स्वतः जाऊन बघा. वेंगुर्ल्याने डंपिंगच्या जागेचे केंद्र केले, घरापासूनच वर्गवारी लावली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि पालापाचोळ्यापासून कांडीकोळसा केला. छोट्या नगरपरिषदेला जमत नाही, हे कारण त्यामुळे उरत नाही. आपल्याकडचा खास कचरा म्हणजे पातेरा, नारळाच्या झावळ्या-सोडणे आणि मच्छी मार्केटचा. या तिन्हींचे काय करणार, हे वेगळे विचारा.

### पर्यटनाचा भार, बांधकाम, बाजार

पाणी, कचरागाड्या, शौचालये कायम लोकसंख्येवर ठरतात. मे महिन्यात आणि नाताळात माणसे त्याच्या कितीतरी पट असतात. लॉज आणि घरगुती निवास यांच्याकडून कचऱ्याचे व पाण्याचे व्यापारी दर घेतले जातात का, हे वसुलीच्या यादीत दिसते. शहराच्या विकास आराखड्यात तुमच्या प्रभागात कोणती आरक्षणे आहेत ते नकाशावर बघा. मैदानाचे आरक्षण उठवण्याचा ठराव झाला असेल तर कोणी बाजूने मत दिले ते सभेच्या इतिवृत्तात असते. कोळीवाड्यात मासळी सुकवायच्या आणि जाळी पसरायच्या जागा नकाशात दाखवल्या आहेत का, ही चौकशी तिथल्या मतदारांनी जरूर करावी; नकाशात नसलेली जागा उद्या मोकळी जमीन म्हणून मोजली जाते.

## टप्पा ६: शपथपत्र आणि प्रश्न

अर्जासोबत उमेदवार शपथपत्र देतो. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. ही माहिती सगळ्यांना बघता येते. लोक मालमत्तेचा आकडा बघून थांबतात. शहराच्या दृष्टीने तीन गोष्टी अधिक कामाच्या: नगरपरिषदेची थकबाकी, नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध आणि स्वतःचे किंवा कुटुंबाचे अनधिकृत बांधकाम. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे एकूण अपत्ये दोनपेक्षा जास्त झाली, तर उमेदवार अपात्र ठरतो, हेही लक्षात ठेवा. हरकत छाननीच्या दिवशीच, पुराव्यासह घ्यायची असते. नंतर नाक्यावर कुजबुज करून उपयोग नाही.

आता प्रश्न. प्रत्येकात चार गोष्टी असू द्या: आजची मोजलेली स्थिती, हवे असलेले काम, पैसा कोणत्या शीर्षातून आणि कधीपर्यंत.

कच्चा प्रश्न: "गटाराचं काम करणार ना?"

पक्का प्रश्न: "नाक्यावरची रस्त्याखालची मोरी एक फुटाची आहे, वरून येणारे गटार दोन फुटांचे. मोरी मोठी करायला कोणत्या निधीतून तरतूद मागणार आणि पुढच्या पावसाळ्याआधी कार्यादेश निघेल का?"

जे नगरपरिषदेच्या हातात नाही त्यासाठी: "बांधकाम खात्याकडे पाठपुराव्याचा ठराव सभेत मांडणार का, कोणत्या महिन्यात?" ठराव मांडणे त्याच्या हातात नक्की आहे.

तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारू नका. दहा विचारले तर सोप्या दोन प्रश्नांचीच उत्तरे मिळतात. आळीतल्या आठ-दहा घरांनी मिळून विचारा, उत्तर तिथेच वहीत लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा: "दादा, असंच म्हणालात ना?" तारीख घाला. "बघून सांगतो" हे उत्तरही तसेच लिहा. सरळ नाही म्हणणारा आणि कारण सांगणारा उमेदवार सगळ्याला हो म्हणणाऱ्यापेक्षा कमी समजू नका. स्टॅम्प पेपरवर सही मागण्याच्या फंदात पडू नका, त्याला कायद्याने काही बळ नाही.

दोन सदस्यांच्या प्रभागात 'अ' आणि 'ब' अशा दोन जागा असतात, आणि 'अ' चा माणूस 'ब' कडे बोट दाखवतो. प्रत्येकाला स्वतंत्र विचारा आणि उत्तरे शेजारी ठेवा.

इशारा: सोसायटीच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, मंडळाला भांडी, देवळाला रंग, हे मतासाठी मागणे आणि घेणे दोन्ही लाचेत मोडते. देणाऱ्याइतकाच घेणाराही गुन्ह्यात येतो.

## टप्पा ७: मतदान आणि त्यानंतरचा पहिला अर्थसंकल्प

यंत्रावर प्रत्येक जागेसाठी वेगळी यादी असते. एक बटण दाबून निघून येणे ही नेहमीची चूक आहे. 'अ', 'ब' आणि नगराध्यक्ष, प्रत्येक ठिकाणी एक बटण दाबा. कोणीच नको असेल तर त्या जागेपुरते 'नोटा' दाबा. सगळी मते नोंदल्यावर लांब बीप वाजतो, तोपर्यंत थांबा. घरातल्या वयस्क माणसांना हे आदल्या दिवशी कागदावर तीन चौकोन काढून दाखवा.

निकालानंतर वही सांभाळून ठेवा. अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत सभेपुढे येतो, म्हणजे तरतूद सुचवायची वेळ डिसेंबर-जानेवारी. निवडून आलेल्यांना लिहिलेले उत्तर दाखवा, मोरीचे माप आणि फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या. मार्चमध्ये मंजूर अर्थसंकल्पाची प्रत मागा आणि त्यात नाक्यावरची मोरी आहे की नाही, ते बघा.